हेडबाईचं पान

आमच्या दाजींइतका वैताग देणारा माणूस बीदरच्या लाल माळापासून पार गुलबर्ग्याच्या तुरीच्या रानापर्यंत शोधून सापडायचा नाही, हे मी त्यांचा सख्खा मेहुणा या नात्यानं, सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. पण त्यांच्या तक्रारी मांडण्याआधी माझी एक गोष्ट कबूल केलेली बरी. सगळं लिहून झाल्यावर ती सांगायचं धैर्य मला होणार नाही. मी या माणसाशी खोटं बोललो. दोनच शब्दांचं खोटं, आणि तेही चपला घालायच्या निमित्तानं खाली मान घालून. पुढं जे झालं ते त्या दोन शब्दांमुळं झालं. आणि नंतर एका मांडवात मी जो हसलो, त्याची लाज तर त्याहून मोठी आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. कमठाण्याला घर. वीज खात्यात लाईनमन म्हणून अख्खी नोकरी त्यांनी खांबावर काढली, आणि खांबावरून रात्री-बेरात्री उतरून माळानं चालत येता येता त्यांना खोकडांचं वेड लागलं. खोकड म्हणजे कोल्ह्याचं धाकटं भावंड. मांजरापेक्षा थोरलं, झुपकेदार शेपटीला काळं टोक, आणि तोंडावर नेहमी आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायला लावणारा भाव. एका म्हाताऱ्या धनगरानं दाजींना खोकड बोलवायची विद्या शिकवली. पंजाच्या पाठीवर ओठ दाबायचे आणि हवा आत ओढायची. सापडलेला उंदीर जसा चिरकतो तसा आवाज निघतो, आणि अर्ध्या कोसावरचं खोकड कान टवकारून चालत येतं. शिकार आता गुन्हा आहे, पण त्याआधीही दाजींनी कधी काही मारलं नव्हतं. त्यांना फक्त बोलवायचं असायचं. ते आलं, बसलं, यांच्याकडं बघून गेलं, की दाजींना आठवडाभर पुरायचं.

आता हे छंद म्हणून ठीक आहे. पण दाजी हा आवाज फक्त माळावर काढायचे नाहीत. बँकेच्या रांगेत काढायचे, दवाखान्यात काढायचे, बसमध्ये खिडकीला बसून काढायचे. विचारलं तर म्हणायचे, "हात लावून ठिवावा लागतोय रे मास्तर. न्हाईतर आवाज गंजतोय." एकदा भालकीच्या स्टँडावर त्यांनी असा सराव केला आणि चार कुत्री उदगीरच्या गाडीत चढली. कंडक्टरनं कुत्री उतरवली आणि त्यांच्या मागोमाग आम्हालाही.

अंड्याचं तर विचारूच नका. त्या धनगरानं विद्येबरोबर एक नियम दिला होता. हाक खोटी असते. उपाशी जिवाला आपण उंदीर दाखवून फसवतो. म्हणून जो बोलवेल त्यानं पान वाढून यायचं. हाक मारली आणि पान ठेवलं नाही, तर त्या माणसाचा आवाज जातो. आपल्याकडं जेवायला बोलावल्यावर ताट वाढतात, तसं हे खोकडाचं ताट. दाजींच्या मते खोकडाला अंडं सगळ्यांत प्रिय. त्यामुळं या माणसाच्या सदऱ्याच्या खिशात बारा महिने एक कच्चं अंडं असायचं. "कामून ठिवतो म्हंजे? कुटं गाठ पडंल काय सांगावं?" त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराला साहेबांनी भावना अनावर होऊन त्यांना मिठी मारली. तो फोटो अजून अक्काच्या भिंतीवर आहे. साहेबांच्या कोटावर छातीशी पिवळा डाग दिसतो, आणि दाजींच्या तोंडावर जे दुःख दिसतं ते निवृत्तीचं नाही.

त्यांच्याबरोबर माळावर जाणं ही शिक्षाच होती. ती मी कितीतरी रविवारी भोगली, कारण अक्काचा हुकूम असायचा, "बाबा, तू जा त्यांच्यासंगं. एकलेच कुटंतरी खड्ड्यात पडतील." जायच्या दिवशी साबण लावायचा नाही. पावडर नाही, डोक्याला तेल नाही. धुतलेले कपडे घालून आलो तर दाजी माझ्याभोवती एक फेरी मारून नाक आवळायचे आणि शेळ्यांच्या गोठ्यातली एक घोंगडी माझ्या अंगावर टाकायचे. मी भालकीच्या शाळेत मराठी शिकवणारा माणूस. सोमवारी पहिल्या तासाला पुढच्या बाकावरची पोरं मागं सरकायची. माळावर पोचल्यावर विडीची राख चिमटीत धरून वारा बघायचा. मग दगड निवडायचा. मग तो दगड नापसंत करून दुसरा निवडायचा. टॉर्चवर पतंगाचा लाल कागद बांधायचा, कारण लाल उजेड खोकडाला दिसत नाही. मग निवृत्तीला मिळालेल्या स्टीलच्या थर्मासातून चहा. हा थर्मास ते तलवारीसारखा पट्ट्यानं कमरेला लटकवायचे आणि चालताना त्याचा खुळखुळ आवाज व्हायचा. मला मात्र शिंकायची बंदी. "गप बस," असं कुजबुजून सांगायचे आणि पुढचा पाऊण तास स्वतः बोलत राहायचे. हवाई दलाच्या विमानांनी खोकडांची झोप कशी मोडलीय ते सांगायचे, आणि खोकडांना मराठी कशी कळत नाही तेही सांगायचे. "दख्खनी कळतंय त्यांला. निजामाच्या वक्ताची जात हाय." म्हणून समोर खोकड आलं की हे "आव माँ, आव, बैठो," असं अदबीनं म्हणायचे आणि त्याच्या वतीनं "हौ", म्हणजे हो, असं उत्तरही आपणच द्यायचे. मी वैतागून एकदा विचारलं, "दाजी, मग कन्नड?" तर म्हणाले, "कळतंय. पर रागावल्याबिगर बोलत न्हाईत."

प्रत्येक खोकडाला नाव होतं. उशिरा येऊन लवकर जाणारा तो तहसीलदार. दुसऱ्याचं पान खाऊन जाणारा तो साडू. आणि सगळ्यांत मानाची ती हेडबाई. डाव्या कानाला चीर पडलेली म्हातारी मादी. हाक मारली की ती धावत यायची नाही. लांबून वळसा घेऊन यायची, आमच्यापासून वीसेक पावलांवर मागचे पाय दुमडून बसायची आणि आमची तपासणी करायची. मी पंधरा वर्षांत इतके शाळा तपासनीस बघितले, पण तशी नजर कुणाची नाही. तिला पहिल्यांदा बघितलं त्या रात्री मी घोंगडी, डास, दाजी, सगळं विसरलो. लाल उजेडात दोन डोळे, आणि शेजारी साठी उलटलेला एक माणूस श्वास रोखून बसलेला. ती उठून गेल्यावर ते म्हणाले, "बघितलंस? तिला ठाव हाय उंदीर न्हाई म्हणून. तरी येतीया." मी विचारलं, "मग कशाला येते?" "आपुन बोलावलं म्हणून."

असं सगळं चाललं असताना माझ्या मुलीची सोयरीक हैदराबादच्या एका घरात जमू लागली. मुलगा चांगला, माणसं शिकलेली, घरात सगळे नोकरदार. बघण्याच्या कार्यक्रमाला मी दाजींना बजावून बजावून बोलावलं होतं. अंडं काढून ठेवायला लावलं, साबण लावायला लावला. मुलगी चहा घेऊन आली, सगळे गप्प झाले. आता कुणीतरी काहीतरी विचारणार, एवढ्यात त्या शांततेत "चुंई" असा आवाज झाला. दाजींचा हात तोंडापाशी होता. शेजारच्यांचं मांजर खिडकीतून आत आलं आणि सरळ मुलाच्या आईच्या मांडीवर चढलं. मला वाटलं, मोडलं लग्न. पण मुलाचा धाकटा भाऊ टाळी वाजवून उठला. "अंकल, हे कसं केलं?"

हा तेविशीतला तरुण म्हणजे आमच्या होणाऱ्या पाहुण्यांचा लाडका. त्याला शिकारीचं वेड होतं. फोनमध्ये परदेशी लोकांचे कोल्हे बोलवण्याचे व्हिडिओ होते. सशाच्या किंकाळीचं रेकॉर्डिंगही होतं. ते त्यानं दाजींना ऐकवलं. दाजींनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "ह्यो ससा कोण्या गावचा?" पोरगं म्हणालं, "अमेरिकेतला." दाजी म्हणाले, "तरीच. त्याला काय दुखायलंय ते आमच्या खोकडाला कळायचं न्हाई." पोरगं हसलं आणि मागंच लागलं, एकदा मला न्या. मुलाची आई म्हणाली, "न्या हो, त्याची फार हौस आहे." आणि मी, मुलीचा बाप, होकाराची वाट बघणारा, छाती काढून म्हणालो, "नेतो की! आमच्या दाजींच्या हाकेला खोकड हातावर येऊन बसतं." हातावर कधीच बसलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी तो आला. पाठीला लांब पिशवी होती. स्टँडावर उतरल्याबरोबर त्यानं मला बाजूला घेतलं आणि चेन जरा उघडून दाखवली. छऱ्याची बंदूक, नवी कोरी. "अंकल, एकच शॉट. कुणाला कळणार नाही." मी काय म्हणायला हवं होतं ते कुणालाही कळेल. रोज साठ पोरांना खरं बोलायला शिकवणाऱ्या माणसाला तर कळायलाच हवं. मी म्हणालो, "सांभाळून हं." तेवढ्यालाच मी तेव्हा नकार समजत होतो. स्वतःची समजूत काढायला माणसाला फार कमी लागतं.

कमठाण्याला दाजींच्या घरून माळाकडं निघताना त्यांनी दारातच विचारलं, "पोराच्या पिशवीत काय हाय?"

मी वाकून चपलेत पाय घालत म्हणालो, "कॅमेरा, दाजी."

"बरं," ते म्हणाले.

त्या रात्री दाजींनी जो उच्छाद मांडला तसा आधी कधीच मांडला नव्हता. पहिला दगड नको, दुसरा नको. तिसऱ्यापाशी बसलो तर राख उडवून म्हणाले, वारा फिरलाय. परत पहिल्याकडं. विडी पेटवली, विझवली. मला म्हणाले, "मास्तर, सगळं बराबर हाय न्हवं?" मी म्हणालो, "हाय की. करा सुरू." मग चहा काढला. थंडीनं माझे दात वाजत होते, पोरगं चुळबुळत होतं, आणि हे फुंकर मारमारून चहा पीत होते. पुन्हा, "मास्तर, बराबर हाय न्हवं सगळं?" मी त्रासून "व्हय, व्हय" म्हणालो. टॉर्चचा लाल कागद सोडून परत बांधला. खिशातलं अंडं काढून हातात फिरवलं, परत ठेवलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तर मी चिडलोच. "दाजी, पाहुणा कटाळलाय. हाक मारता का जाऊ घरी?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण अंधारात त्यांचं तोंड मला दिसलं नाही. मग त्यांनी हात ओठांना लावला.

हेडबाई आली. नेहमीसारखी, वळसा घेऊन, सावकाश. वीस पावलांवर बसली. दाजी म्हणाले, "आव माँ." माझ्या डावीकडं चेनचा आवाज झाला. मी गप्प होतो. हे मी पुन्हा लिहितो, कारण अक्षरानं लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही: मला सगळं ठाऊक होतं, आणि मी गप्प होतो. गुडघ्याच्या दुखण्यानं घराच्या तीन पायऱ्या चढताना आईची आठवण काढणारे दाजी एका झटक्यात उठले आणि तिच्या व पोराच्या मध्ये उभे राहिले. टण्ण असा आवाज झाला. छर्रा थर्मासला लागून त्याचं झाकण उडालं होतं. गरम चहा त्यांच्या मांडीवरून वाहत होता. हेडबाई नव्हती.

पोरगं रडवेलं होऊन "सॉरी अंकल, सॉरी" म्हणत राहिलं. दाजी त्याला म्हणाले, "भ्याला व्हय? काय न्हाई झालं. चल, भाकरी खाऊ." मला ते काहीच बोलले नाहीत. निघताना त्यांनी अंडं दगडावर ठेवलं. वाटेत ते गप्प होते. सव्वीस वर्षं मी ज्याच्यासाठी तळमळलो, ते दाजींचं गप्प बसणं मला असं मिळालं. अक्काला त्यांनी सांगितलं, घसरून पडलो, थर्मास चेंबला. अक्का म्हणाली, "पडा, आनखी पडा."

लग्न थाटात झालं. मांडवात तो तरुण मित्रांना गोष्ट सांगत होता: "हे अंकल फॉक्स व्हिस्परर. रात्रभर हात चोखत बसले, एक उंदीरसुद्धा आला नाही!" सगळे हसले. पोरगं चांगलंच होतं. स्वतःची चूक लपवायला त्यानं ती गोष्ट तशी रचली असावी. पण दाजी तिथंच, पाण्याच्या पिंपाजवळ उभे होते आणि माझ्याकडं बघत होते. मी एक वाक्य बोलू शकलो असतो. मी सगळ्यांबरोबर हसलो. दाजी पेलाभर पाणी प्याले आणि वाढायला मदत करायला निघून गेले.

त्यानंतर दीड वर्ष अक्काचे फोन येत राहिले. आधी तिला आनंद झाला होता. "बाबा, माळावर जाणं सुटलं रे त्यांचं." मग आवाज बदलला. "आठला निजायलेत. साबण लावून आंघुळ करायलेत. खिशात काय बी न्हाई. बँकेत गेले तर नुसते उभारायलेत. माणसासारखं वागायलेत रे, मला भ्या वाटायलंय." मी म्हणायचो, वय झालं अक्का. फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडं बघायची. तिला मी एका रात्री सगळं सांगितलं होतं, आणि तिनं एवढंच विचारलं होतं, "हे मला कामून सांगायलाव?"

शेवटी गेल्या थंडीत एका शनिवारी मी उठलो. आंघोळीला साबण लावला नाही. दुकानातून दोन कच्ची अंडी घेतली, सदऱ्याच्या खिशात ठेवली. भालकी ते बीदर उभ्यानं प्रवास केला, कारण गर्दीत माणसं खेटून बसत होती आणि मला पहिल्यांदा कळलं की दाजी आयुष्यभर इतके जपून का चालायचे. कमठाण्याला पोचेपर्यंत एक अंडं फुटलंच.

दाजी ओट्यावर बसले होते. माझ्या सदऱ्याकडं बघून म्हणाले, "कच्चं आणलंस व्हय? बरं केलंस."

मी उभ्या उभ्याच म्हणालो, "दाजी, पिशवीत बंदूक हाय हे मला ठाव होतं."

ते म्हणाले, "मला बी ठाव होतं. कॅमेऱ्याची पिशवी कोण तशी धरतंय?"

मी बसलो. फुटक्या अंड्याची टरफलं खिशातून काढून ओट्यावर ठेवली. मग म्हणालो, "मग नेलंत कामून?"

"तू म्हणलास कॅमेरा हाय. सख्ख्या मेहुण्याची पिशवी उघडून बघू काय?" त्यांनी विडी काढली, पेटवली नाही. "म्हणलं सांगंल आत्ता. तीन डाव विचारलं की तुला. दगड बदलून बदलून माझी कंबर गेली. म्हणलं, च्या होईपतोर सांगंल. मग तू म्हणलास, हाक मारा."

त्यांच्या त्या रात्रीच्या उच्छादाची गोष्ट मी दीड वर्ष शाळेत नकला करून सांगत होतो.

"दाजी, माफ करा मला," मी म्हणालो.

"माझ्याकडं कामून मागायलास? माझा थर्मास चेंबला, तेवढंच. मी घरचा हाय." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. आतून अक्का ओरडली, "कुटं निघालाव आता?" आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की तिनं तो लपवायला एक भांडं आपटलं.

माळावर दाजींनी राख उडवली नाही, दगड निवडला नाही. कागद न बांधलेला टॉर्चही बंदच ठेवला. मी विचारलं, "हाक?" ते म्हणाले, "आज हाक न्हाई. बोलवून पान ठिवलं तर ते जेवण. न बोलवता ठिवलं तर ती माफी. म्हाताऱ्यानं सांगितलेलं हाय. ठिव जा." मी अंधारात चाचपडत पुढं गेलो आणि उरलेलं अंडं त्याच सपाट दगडावर ठेवलं. ती अजून जिवंत होती की नाही, कोण जाणे. सकाळी ते अंडं नव्हतं हे खरं, पण दाजीच म्हणाले, कुत्र्यानं नेलं असंल.

मी परत येऊन त्यांच्या शेजारी बसलो. ते म्हणाले, "बोल की आता."

मी माळाकडं तोंड करून म्हणालो, "बाई, माझं चुकलं."

"मराठी कळत न्हाई तिला," दाजी म्हणाले.

माझी दख्खनी भाजी आणण्यापुरतीच आहे. मी घसा साफ केला. माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागला होता, आणि त्यांच्या अंगाला बऱ्याच दिवसांनी विडीचा आणि घोंगडीचा वास येत होता.

"गलती हो गई," मी म्हणालो. "थैली में बंदूक थी. मेरे कू मालूम था. मैं बोला नहीं. बाद में हँसा भी. माफ कर देव."

समोर काहीच हललं नाही. मग माझ्या शेजारून, अगदी हळू, दाजी म्हणाले, "हौ."